प्रेषित आजही आहेत म्हणता? मग त्यांना सांगा, तिसऱ्या दिवशी निघायचं

शेवगावकर (धागाकर्ता)

काल आमच्या तालुक्याच्या ख्रिस्ती ग्रुपवर एक भली मोठी पोस्ट येऊन पडली. लिहिणाऱ्याच्या नावाआधी 'अपोस्टल', त्याच्याही आधी 'डॉ.'. मजकूर थोडक्यात असा: बायबलात इफिसकरांस ४:११ मध्ये पाच सेवा दिल्यात, त्यांत प्रेषित पहिला. जुन्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, त्याला बाहेर काढून नुसता पाळक ठेवला. म्हणून ज्या मंडळीवर जिवंत प्रेषिताचं छत्र नाही ती अनाथ, आणि अनाथाच्या घरात आशीर्वाद टिकत नाही. खाली दशांश कुठे पाठवायचा त्याचा क्यूआर कोड.

'अनाथ' हा शब्द झोंबला. माझे वडील ३४ वर्षं सायकलवर गावोगाव उपासना घेत फिरले. पावसाळ्यात सायकल खांद्यावर आणि स्तोत्रांचं पुस्तक डोक्याच्या टोपीत. त्या मंडळ्या अनाथ होत्या काय? हे विचारलं तर ॲडमिननं माझं उत्तर उडवलं. म्हणून इथे लिहितो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १. येशूच्या बारा प्रेषितांतल्या यहूदाची जागा भरायची होती तेव्हा पेत्राने अट घातली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो आमच्यासोबत होता आणि पुनरुत्थानाचा साक्षी आहे, असाच माणूस हवा. चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निघाला. आता अध्याय १२ बघा. हेरोद राजाने प्रेषित योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारलं. तोही बारांतलाच. त्याच्या जागी कुणाला घेतलं? कुणालाच नाही. चिठ्ठ्या नाहीत, सभा नाही. जागा रिकामी राहिली कारण ती भरायचीच नव्हती. पुढे पौल स्वतःला 'सर्वांत शेवटी' प्रभूचं दर्शन झालेला प्रेषित म्हणतो. शेवटी म्हणजे शेवटी. इफिसकरांस २:२० मध्ये प्रेषित आणि संदेष्टे हा पाया आहे. आमच्याकडे गवंडी दर मजल्याला नवा पाया खणत नाही.

आता स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात असेच एक प्रेषित आले. आधी त्यांच्या माणसाचा फोन: एसी खोली, सीलबंद पाणी, स्टेजवर लाल खुर्ची, आणि पोस्टरवर फोटो बाकीच्यांपेक्षा मोठा. शेवग्याच्या शेंगा विकून पोट भरणाऱ्या मंडळीने ११ हजार गोळा केले. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई पिठलं-भाकरी फडक्यात बांधून घेऊन आली, तर तो माणूस म्हणाला, "साहेब बाहेरचं खात नाहीत." बाई फडकं तसंच घेऊन परत गेली.

'बारा प्रेषितांची शिकवण' म्हणून पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचं छोटं ग्रीक पुस्तक आहे, डिडाखी म्हणतात. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या प्रेषितांसाठी नियम आहे: आला तर प्रभूसारखा स्वीकार करा. एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. झालं. एवढं पाळणारा कुणी असेल तर मी स्वतः त्याची बॅग उचलतो.

अग्निजिव्हा

प्रेज द लॉर्ड. दादा, राग समजतो, पण एका खोट्या नाण्यावरून टांकसाळ बंद करता तुम्ही.

कृत्ये १ ची अट लावली तर आधी पौल बाद होईल. तो योहानाच्या बाप्तिस्म्यापासून सोबत होता का? उलट मंडळीचा छळ करत होता. आणि कृत्ये १४:१४ मध्ये बर्णबालाही प्रेषित म्हटलंय. गलतीकरांस १:१९ मध्ये प्रभूचा भाऊ याकोब. रोमकरांस १६:७ मध्ये अंद्रोनीक आणि युनिया. मोजा बरं, बारा राहतात का? आणि इफिसकरांस ४:११ वाचता तर ४:१३ पण वाचा. 'आपण सर्व विश्वासाच्या एकत्वाप्रत येईपर्यंत' या सेवा दिल्यात. एकत्व आलं का? तुमच्या एका तालुक्यात किती पंथ आहेत ते बोटांवर मोजा, मग सांगा मुदत संपली म्हणून.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण आता माझं ऐका. मी पिंपरीला ठेकेदाराकडे पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचो. पगार झाला की थेट गुत्ता. बायको माहेरी. मला दारूतून काढायला कुठल्या कमिटीचा ठराव आला नव्हता. एक माणूस आला, त्याच शेडमध्ये माझ्यासोबत बसून माझ्या डब्यातली शिळी पोळी खाल्ली, आणि प्रार्थना केली. आज सोळा वर्षं झाली, थेंब नाही. त्या माणसाने चाकण ते खेड पट्ट्यात अकरा मंडळ्या उभ्या केल्या. जिथे कुणी नव्हतं तिथे. त्याला प्रेषित नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, विभागीय व्यवस्थापक?

ग्रीकमास्तर

शब्दावरून दोघेही घसरताय. मूळ शब्द अपोस्तोलोस, म्हणजे पाठवलेला. मराठीत प्रेषित म्हणजेही तेच. मनीऑर्डरच्या फॉर्मवर 'प्रेषक' असायचा तो पाठवणारा, हा पाठवलेला. पण कुणी पाठवलेला? नव्या करारात दोन जाती आहेत. एक, ख्रिस्ताने स्वतः पाठवलेले. दुसरी, मंडळ्यांनी पाठवलेले. २ करिंथ ८:२३ मधले भाऊ दुसऱ्या जातीचे. फिलिप्पैकरांस २:२५ मधला एपफ्रदीतही तसाच. मूळ ग्रीकमध्ये तो 'तुमचा अपोस्तोलोस' आहे, पण आपल्या मराठी शास्त्रात त्याला काय म्हटलंय? 'तुमचा जासूद', म्हणजे निरोप्या.

तेव्हा अग्निजिव्हांचा सद्गृहस्थ दुसऱ्या अर्थाने नक्की प्रेषित आहे. हरकत नाही. फक्त पोस्टरवर तसं लिहावं: जासूद डॉ. अमुक तमुक.

अग्निजिव्हा

हसा मास्तर. पौलालाही 'बडबड्या' म्हणणारे अथेनैत होतेच.

तटस्थ वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण कुतूहल म्हणून विचारतो. प्रेषित म्हणजे पैगंबर ना? वर्तमानपत्रात 'प्रेषित महंमद' लिहितात. नाताळच्या अग्रलेखात 'प्रेषित येशू' सुद्धा वाचलंय. मग ही बारा माणसं कोण?

शेवगावकर

दर नाताळला हेच! येशू प्रेषित नव्हे हो, पाठवणारा तो. प्रेषित हे त्याचे शिष्य. चाळीस वर्षं संपादकांना पत्रं लिहितोय, एकदाही छापलं नाही. पैगंबर या अर्थी आपल्याकडे 'संदेष्टा' आहे.

ग्रीकमास्तर

शेवगावकर, इब्री ३:१ काढा. 'प्रेषित व प्रमुख याजक' येशूलाच म्हटलंय. चाळीस वर्षांत त्या संपादकाने निदान एवढा अध्याय तरी वाचला असावा.

शेवगावकर

बरं. त्या एका वचनापुरतं बरोबर. पण अग्रलेखवाल्याला ते माहीत होतं असं मला कुणी सांगू नये.

वसईवाला

जय ख्रिस्त मंडळी. तुमचं प्रोटेस्टंटांचं भांडण ऐकून करमणूक होते. एक म्हणतो प्रेषित संपले, दुसरा म्हणतो पिंपरीच्या शेडमध्ये सापडले. उत्तर सोपं आहे. बारा प्रेषितांची साक्ष पुन्हा होत नाही, पण त्यांचा अधिकार त्यांनी बिशपांकडे हात ठेवून सोपवला, आणि तो हात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दर रविवारी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, आम्ही 'एक, पवित्र, कॅथलिक, प्रेषितीय' म्हणतो ते उगाच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये हेच पुन्हा लिहून ठेवलं: बिशप प्रेषितांचे वारसदार, प्रेषित नव्हेत.

गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर १५४२ ला उतरले. जग त्यांना पूर्वेकडचे प्रेषित म्हणतं. त्यांनी स्वतः कार्ड छापून घेतलं नव्हतं.

शेवगावकर

वसईवाले, हात ठेवायच्या साखळीत मधल्या काळातले काही पोप कसे होते ते आपण काढायला लागलो तर रात्र जाईल. आणि साखळी धातूची असली म्हणजे शिकवण सोन्याची असते असं नाही.

शिवाय आमच्याकडे ही साखळी आली तीच मुळी पोस्टाने. आमच्या नगरकडच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. १८१३ ला मुंबईत आलेलं मिशन, पद्धत काँग्रिगेशनल. बिशप ही भानगडच नव्हती. मंडळी जमायची, हात वर व्हायचे, ठराव व्हायचा. १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि एका सकाळी आमच्या आजोबांना कळलं की आपल्याला आता बिशप आहे. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, "पोरा, आपण झोपलो तेव्हा काँग्रिगेशनल होतो, उठलो तेव्हा प्रेषितीय झालो."

नागपूरकर काकू

तुमच्या आजोबांना झोपेत झालं असेल. मी जागी होते. २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर, ऑल सेंट्स कॅथेड्रल. मी नऊ वर्षांची होते, आईच्या निळ्या साडीचा पदर धरून कुंपणाशी उभी. मंडपात बसायला जागा नव्हती. सहा मंडळ्या एक झाल्या त्या दिवशी: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्तिस्त, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट. माझे वडील म्हणाले, "नीट बघून ठेव, असं पुन्हा होणार नाही." त्या दिवसाला कुणी पोस्टाने आलेलं म्हणू नये.

मेथडिस्ट मामा

काकू, त्या यादीत अमेरिकन मिशनमधून झालेले मेथडिस्ट नाहीत हे लक्षात आणून देतो. आम्ही शेवटच्या घटकेला बाहेर राहिलो. आमच्याकडे बिशप आहे, पण आमचा बिशप म्हणजे काम, जात नव्हे. त्याला प्रेषितांपासून नळाने पाणी येतं असा आमचा दावा कधीच नव्हता.

नागपूरकर काकू

हो, बाहेर राहिलात. सगळं ठरल्यावर. तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पाळकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं आणि तुमच्यामुळेही. पन्नासच्या वर वर्षं झाली तरी तुम्ही ते अभिमानाने सांगता म्हणजे कमाल आहे.

मेथडिस्ट मामा

अभिमान नाही काकू. पण मतदान झालं, मत फिरलं. लोकशाही आहे. शेवगावकरांच्या आजोबांना तेवढंच हवं होतं.

ग्रीकमास्तर

या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी त्या दिवसाचा खरा संबंध वेगळा आहे, तो कुणीच काढला नाही. त्या विधीत सगळ्या पंथांच्या पाळकांवर हात ठेवले गेले. का? अँग्लिकनांना, म्हणजे आधीपासून बिशप असलेल्यांना, वाटत होतं की प्रेषितीय साखळी बाकीच्यांना मिळतेय. बाकीच्यांना वाटत होतं की आम्ही आधीच पाळक आहोत, हा नुसता एकीचा विधी. मसुदा करणाऱ्यांनी मुद्दाम मोघम ठेवलं: ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं, अशा अर्थाची प्रार्थना. कुणाला काय मिळालं ते देवाला ठाऊक. दक्षिणेत १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा असं केलं नव्हतं. तिथे जुने पाळक जसे होते तसे घेतले आणि पुढचे बिशपच्या हातून. म्हणजे 'प्रेषितांचा वारसा म्हणजे नेमकं काय' या प्रश्नावर आपल्या लोकांनी दोनदा तोडगा काढला, दोन्ही वेळा वेगळा.

वसईवाला

आणि दोन्ही वेळा चालला नाही, कारण पोप तेराव्या लिओने १८९६ मध्येच अँग्लिकन पाळकांच्या दीक्षा पूर्णतः रद्दबातल ठरवल्या होत्या. ज्याच्याकडे नाही तो देणार काय?

नागपूरकर काकू

वसईवाले भाऊ, आमच्या गल्लीत शेजारी तुमच्या धर्मग्रामाचं कुटुंब होतं. माझी आई गेली तेव्हा त्यांचे फादर आमच्या पाळकांच्या शेजारी उभे राहून कबरीवर माती टाकायला आले. कुणाची दीक्षा रद्दबातल ते त्यांनी विचारलं नाही. तुम्ही विचारताय.

वसईवाला

काकू, माफ करा. सिद्धांत सांगत होतो, मातीचं बोललो नव्हतो. पण सिद्धांत तोच आहे, हे नमूद.

शेवगावकर

मीच आग लावली, पण तरी बोलतो. त्या एकीनंतर आमच्या एका मंडळीच्या (नाव घेत नाही) जागेवरून जो खटला सुरू झाला तो माझ्या मुलाच्या लग्नातही चालू होता. जागा १९ गुंठे. वकील तीन बदलले. एकदा तर तारखेला दोन्ही बाजूंचे लोक एकाच एसटीने गेले, कारण गाडी एकच. एकमेकांशी बोलले नाहीत, पण स्टँडवर चहा कुणी पाजायचा यावरून पुन्हा भांडले. प्रेषितांचा वारसा आला म्हणतात, मला सातबाराचा वारसाच दिसला.

मेथडिस्ट मामा

एकोणीस गुंठ्यांना तीन वकील म्हणजे तुम्ही स्वस्तात सुटलात. आमच्याकडे...

अग्निजिव्हा

बघा! मी मुद्दा मांडून दोन तास झाले. प्रेषित आहेत की नाहीत हा विषय, आणि तुम्ही १९७०, गुंठे, एसटी. म्हणूनच पोरं आमच्याकडे येतात. आमच्याकडे निदान रविवारी शास्त्र उघडतात, सातबारा नाही.

जुनी पेंटेकॉस्टल

थांब रे बाळा. मीही पेंटेकॉस्टल, तुझ्या जन्माच्या आधीपासून. आत्म्याने अन्य भाषांत बोलणं, प्रार्थनेने बरं करणं, सगळं मानते. पण हे 'अपोस्टल' प्रकरण आमच्या लोकांचंच जुनं दुखणं आहे हे तुम्हा पोरांना कुणी सांगत नाही. अमेरिकेत १९४८ च्या सुमारास 'लॅटर रेन' म्हणून लाट आली. आताचे प्रेषित आणि संदेष्टे हाच मंडळीचा पाया असं म्हणायला लागले. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघाने १९४९ लाच ठराव करून ही शिकवण चूक म्हणून सांगितली. बाहेरच्यांनी नाही, आपल्याच लोकांनी. पुन्हा नव्वदच्या दशकात पीटर वॅग्नर नावाच्या प्राध्यापकाने 'नवी प्रेषितीय' चळवळ म्हणून तेच नव्या डब्यात घातलं, आणि म्हणाला २००१ पासून दुसरं प्रेषितीय युग सुरू. तेव्हा कुठे आपल्याकडच्या पोस्टरांवर पाळकाचे रेव्हरंड, रेव्हरंडाचे बिशप आणि बिशपाचे अपोस्टल झाले. मी एका माणसाला या तिन्ही पायऱ्या आठ वर्षांत चढताना बघितलंय. मंडळी तेवढीच राहिली, खुर्ची बदलत गेली.

आपल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पोरी रात्र रात्र प्रार्थना करत होत्या. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीट, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ पसरली म्हणतात, ती त्याच्या पुढच्या वर्षीची. रमाबाईंनी त्यानंतर नावाआधी काय लावलं? जे आधी होतं तेच. पंडिता. तेसुद्धा कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेलं.

अग्निजिव्हा

आई, तुमच्यापुढे बोलत नाही. पण पदवी नसणं आणि सेवा नसणं एक नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसवले. नवी वाट काढली की नाही? मी त्याला प्रेषिताचं काम म्हणतो. ते स्वतः म्हणाले नाहीत, ही त्यांची नम्रता.

शेवगावकर

टिळकांना मध्ये आणू नका. ते कवी होते, आणि नोकरी सोडली ती पगार सोडून. तुमच्या पोस्टवाल्याने काय सोडलं ते सांगा.

अग्निजिव्हा

माझा पोस्टवाला नाही तो! पहिल्या ओळीपासून मला त्याच्या गळ्यात बांधताय. मी माझ्या शेडमधल्या माणसाबद्दल बोलतोय. त्याच्याकडे आजही दुचाकी आहे, तीही मंडळीतल्या एकाने वापरायला दिलेली.

बायबल वुमनची नात

तासभर वाचतेय. पुरुषांच्या खुर्च्यांचा हिशोब दोन्ही बाजूंनी चाललाय.

माझी आजी बायबल वुमन होती. लहानपणी विधवा झाली, मिशनच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकली, मग तीस वर्षं एका पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, एक कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन वाडी-वस्तीवर फिरली. कंगवा कशाला? बायका दाराशी उभं करत नसत. ही म्हणायची, "बाय, केस विंचरून देते." उवा काढता काढता गोष्ट सांगायची. डोकं मांडीवर असलं की माणूस उठून जात नाही, असं ती म्हणायची. तिच्यामुळे ज्या चार वस्त्यांवर मंडळी झाली तिथे पाळक नंतर आले. मंडळीच्या वहीत तिचं नाव कशाखाली आहे माहितीये? 'मदतनीस'.

आता युनियाचं. अग्निजिव्हांनी ओझरतं नाव घेतलं आणि पुढे गेले. रोमकरांस १६:७. बाईचं नाव. चौथ्या शतकात ख्रिसोस्तम नावाचा धर्मगुरू तिची स्तुती करतो, प्रेषितांत नावाजलेली म्हणजे केवढी बाई असेल म्हणून. पुढे विद्वानांना बाई प्रेषित पचेना, तर 'युनियास' नावाचा पुरुष तयार केला. तसं पुरुषी नाव त्या काळच्या लिखाणात कुठे सापडत नाही, तरी विसाव्या शतकातल्या छापील ग्रीक प्रतींत तो पुरुष दिमाखात बसला होता. आणि रिकाम्या कबरीवरून निरोप घेऊन आधी कोण धावलं? मग्दालीया मरीया. पोप फ्रान्सिसने २०१६ ला तिच्या दिवसाला प्रेषितांच्या बरोबरीचा सणाचा दर्जा दिला. वसईवाले, त्या साखळीत एका बाईचा हात दाखवा.

आणि अग्निजिव्हा भाऊ, तुमच्या नव्या प्रेषितांच्या स्टेजवर बाई असते ती अपोस्टलची बायको म्हणून. तिला सगळे 'मम्मी' म्हणतात. तिच्यासाठीही लाल खुर्ची असते, पण थोडी मागे.

ग्रीकमास्तर

त्या वचनावर एक वाद आहे: 'प्रेषितांत नावाजलेली' की 'प्रेषितांना ठाऊक असलेली'. ग्रीक वाक्यरचना दोन्ही...

बायबल वुमनची नात

मास्तर, तो वाद तिला बाई ठरवल्यानंतरच जोरात कसा सुरू झाला?

ग्रीकमास्तर

हरलो. म्हणजे, याच मुद्द्यापुरता.

पण मूळ प्रश्नावर एक गोष्ट सांगून जातो, कारण हा प्रयोग एकदा पूर्ण होऊन गेलाय. लंडनमध्ये १८३५ साली बारा नवे प्रेषित जाहीर झाले, कॅथलिक अपोस्टोलिक चर्च. सज्जन, शिकलेले, बऱ्या घरचे लोक. समज अशी की यांच्या हयातीतच प्रभू येणार, म्हणून मेलेल्याची जागा भरायची नाही. शेवटचा प्रेषित १९०१ ला गेला. नवा पाळक नेमायचा तर प्रेषिताची परवानगी हवी, आणि प्रेषित उरला नाही. त्यामुळे नेमणुकाच थांबल्या. होते ते पाळक म्हातारे होत गेले, एक एक दार बंद झालं. जर्मनीतल्या एका गटाने आधीच फुटून नवे प्रेषित नेमले, ती न्यू अपोस्टोलिक मंडळी आजही जगभर आहे. म्हणजे प्रेषित मानले की दोनच रस्ते: एक तर जागा भरत राहा आणि मग त्याला नुसतं पद म्हणा, नाहीतर भरू नका आणि कुलूप लावा.

जुनी पेंटेकॉस्टल

तिसरा रस्ता कंगव्याचा आहे मास्तर. तिकडे कुणी परवानगी मागत नाही.

अग्निजिव्हा

नात ताई, 'मम्मी'चं खरं आहे. आमच्याकडेही आहे. मी स्वतः म्हणतो मम्मी. आजपर्यंत त्यात काही वाटलं नव्हतं, आणि आता रविवारी म्हणताना तुम्ही आठवणार. धन्यवाद, असं म्हणावं की नाही कळत नाही.

शेवगावकर दादा, एवढं कबूल: नावाआधी लावायला नको. प्रकटीकरण २:२ मध्ये इफिसच्या मंडळीची वाखाणणी आहे, स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना पारखून खोटे ठरवलं म्हणून. पण पारखायला सांगितलंय म्हणजे खरेही फिरत होते ना? कुणीच उरला नसता तर पारखायचं कशाला, दार लावून घ्यायचं.

शेवगावकर

हा मुद्दा बरा आहे. पटला असं म्हणत नाही. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या वेळी कुणी हयात असेलही, आज नाही. पण बरा आहे.

तुमचा तो शेडमधला माणूस इकडे येतो का कधी? एसी नाही. खोली आहे, वडिलांची, सायकल अजून तिथेच टेकवलेली.

अग्निजिव्हा

विचारतो. डबा लागेल त्याला, एवढंच. आणि दोन दिवसांच्या वर राहणार नाही, पाठदुखी आहे.

शेवगावकर

भाकरी त्याच म्हातारीकडून करून घेतो. पिठलं पण. बघू खातो का.

मेथडिस्ट मामा

माझं गुंठ्यांचं अर्धवट राहिलं होतं. आमच्याकडे ४२ गुंठे होते आणि...

नागपूरकर काकू

मामा, ते वेगळ्या धाग्यावर. मला आज कपाटात १९७० चा फोटो सापडलाय. मंडपाबाहेर सगळे उभे आहेत, मागच्या रांगेत डावीकडून चौथे एक पाळक आहेत, पांढरी टोपी, हातात छत्री. वडिलांनी मागे नाव लिहिलं होतं, पण शाई पुसली. नगरकडचे होते एवढंच आठवतं. शेवगावकर, तुमच्या आजोबांना टोपी घालायची सवय होती का?

शेवगावकर

पांढरी. आणि छत्री कायम. पण आजोबा गेलेच नव्हते नागपूरला. निदान आम्हाला तसं सांगायचे. फोटो टाका काकू.